हत्यारांच्या खणातला दिवा

शहाद्याच्या बाहेर कापसाचा एक जीन होता. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागत आणि होळी उलटेपर्यंत तिथे सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जात. या जीनमध्ये माझे वडील फिटर होते. त्यांना तिथून काढले तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होतो. मी तिथे कामाला लागलो तेव्हा ते कळसाडीच्या गुऱ्हाळांवर उसाचे चरक दुरुस्त करत फिरत होते. मधल्या काळात आमच्या घरात एकाच गोष्टीचा विचार चालू होता. ज्याने त्यांना काढायला लावले त्याला तिथून काढायचे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या तोंडून खरे वदवून. हे लिहिताना त्याला दुसरे काही गोड नाव देण्याची गरज वाटत नाही.

काय घडले होते ते आधी सांगायला हवे.

जीनमध्ये सगळ्यात मोठे भय आगीचे. रुईचा तंतू हवेत तरंगत असतो. तो भिंतींवर, तुळयांवर, माणसांच्या भुवयांवर बसतो. फाटकाशी पत्र्याचे एक ताट ठेवलेले असे. आत जाणाऱ्याने विड्या आणि काडेपेटी त्यात टाकायची, बाहेर पडताना उचलायची. धडगावकडून हंगामापुरत्या उतरलेल्या बायामाणसांपासून इंजिन चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची झडती होई. दोघांची होत नसे. एक शेठ आणि दुसरा मोठा मिस्त्री. मिस्त्री विडी ओढत नसे, तंबाखू खात नसे. त्याच्याजवळ काडेपेटी असेल असे कुणाच्या मनातही येत नसे.

हत्यारांची खोली इंजिनघराला लागून होती. चोर आणि तंतू दोन्ही बाहेर राहावेत म्हणून तिला खिडकी ठेवली नव्हती. आत एका भिंतीला सागवानी कपाट होते, त्याला वरपासून खालपर्यंत खणच खण. कंदील आत न्यायला बंदी होती. दार सताड उघडे ठेवले तर वरच्या खणांवर थोडा उजेड पडे. खालच्या खणांत भर दुपारी काळोख असे.

दसऱ्याला हत्यारांची पूजा होई. अंगणात गोणपाट पसरून त्यावर सगळे पान्हे, पकडी, कानशी, हातोड्या रॉकेलने पुसून मांडत. कुंकू लावत, झेंडूची माळ घालत, प्रत्येक हत्यारावर आपट्याचे एक पान ठेवत. पूजा उरकली की मिस्त्री ती हत्यारे पाट्यांत भरून आत नेई, दार लावून घेई आणि एकटाच खणांत लावत बसे. दर वर्षी जागा बदलत. कुठले हत्यार कुठे आहे ते पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याच्या एकट्याच्या डोक्यात. कुणाला काही लागले की त्याच्याकडे यायचे. तो आत जाई, दार ओढून घेई आणि लगेच बाहेर येई, हातात मागितलेलीच वस्तू. परत ठेवायलाही तोच जाई. लोक हे कौतुकाने सांगत. तोही आपल्या बोटांना डोळे असल्याचे सांगे, "मन्हा बोटेसले डोया शेतस." शेठला वाटे, हा माणूस गेला तर जीन बंद पडेल. मिस्त्रीचा मान, पगार आणि झडतीतली सूट, सगळे त्या अंधारावर उभे होते.

वडिलांना काढले त्या हंगामात मुंबईहून नवे पान्हे आले. दसरा होऊन गेला होता. हे पान्हे एकमेकांच्या इतके जवळचे होते की बोटाने फरक कळणे कठीण. कुठला किती मापाचा ते फक्त त्यांच्यावर ठोकलेल्या आकड्यावरून समजे. वडील काही कामासाठी हत्यारांच्या खोलीत शिरले, तर मिस्त्री खालच्या खणाशी उकिडवा बसलेला. एका हातात जळती काडी, दुसऱ्या हातात पान्हा, आणि पान्हा नाकाला लागेल इतका जवळ धरलेला. वडिलांनी आधी फुंकर मारून काडी विझवली. मग विचारले, दिसत नाही का तुला. मिस्त्री उठला, वडिलांच्या आधी बाहेर पडला आणि विझलेली काडी तळहातावर ठेवून शेठच्या पेढीत गेला. म्हणाला, तुमच्या फिटरने खणात काडी ओढली, मी पोचलो म्हणून जीन वाचला.

वडील विड्या ओढत. त्यांची काडेपेटी त्या वेळी फाटकावरच्या ताटात होती. पण एखादी काडी कानामागे लपवून आणता येते, असे मिस्त्रीने सांगितले. वडिलांनी त्याच्या डोळ्यांची गोष्ट काढली. शेठने मिस्त्रीला तिथल्या तिथे एक जुनी कानस आणायला पाठवले. तो अंधारात गेला आणि कानस घेऊन आला. विषय संपला.

वडिलांना दुसऱ्या जीनमध्येही काम मिळेना. नंदुरबारला, तळोद्याला, सगळीकडे त्यांच्याआधी बातमी पोचलेली असे. ज्याने रुईत काडी ओढली तो माणूस कोण ठेवील? गल्लीत आम्ही काडीवाले झालो. सकाळी चुलीसाठी शेजारणीकडून विस्तव आणायचा रिवाज होता. आई गेली की बायका हसत म्हणत, तुमच्याकडे तर काड्यांची कमी नसेल. आईने विस्तव मागणे बंद केले. ती रात्री निखारे राखेत पुरून ठेवू लागली.

शाळा संपल्यावर मी एका फिरत्या तंबू-सिनेमात लागलो. तिथे इंजिनावर वीज तयार करत. वायर जोडणे, दिवे लावणे, बिघाड शोधणे मी तिथे शिकलो. परत आलो तेव्हा जीनच्या शेठने पेढीवर आणि फाटकावर विजेचे दिवे घ्यायचे ठरवले होते. दिवे कारखान्यापासून दूर, अंगणापलीकडे. त्याला त्या कामाचा माणूस हवा होता आणि आमच्या भागात दुसरा नव्हता. मी कुणाचा मुलगा हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, काम येत असेल तर मला बाकीचे ऐकायचे नाही.

मिस्त्री पहिल्याच दिवशी फाटकावर भेटला. सगळे ऐकतील असा म्हणाला, "काडीवालाना आंडोर शे ना तू? काड्या घर ठेईसन येत जा."

काडीवाल्याचा मुलगा म्हटल्यावर लोक हसले. मी काड्या आणत नाही, वायर आणतो, असे सांगितले. त्याने माझ्या चेहऱ्याच्या दिशेने पाहिले, पण चेहऱ्यावर नाही, थोडे बाजूला. वडिलांनी घरी सांगितलेले खरे होते. मोतीबिंदू आता पुढे गेला होता.

त्याच हंगामात मिस्त्री सासरच्या लग्नाला गुजरातच्या हद्दीत गेला असताना इंजिनाचा पट्टा सुटला. नटबोल्ट समोर होते, पान्हा सापडेना. लोकांनी खण चाचपले, बोटे कापून घेतली. मिस्त्रीला आणायला बैलगाडी गेली. तो येईपर्यंत जीन बंद आणि कापसाच्या गाड्या रस्त्यावर उभ्या. शेठने त्या वेळी मिस्त्रीला काही म्हटले नाही, पण पेढीवर तो चिडून बसला होता. मी त्याच संध्याकाळी त्याला सांगितले की खणात दिवा बसवता येतो. कंदील नको, काडी नको. खण ओढला की दिवा आपोआप लागेल, खण लोटला की विझेल.

रचना साधी होती. टॉर्चचे सेल बांबूच्या नळीत एकापुढे एक भरायचे. प्रत्येक खणाच्या वर, चौकटीच्या आतल्या बाजूला टॉर्चचा लहान दिवा. मागे पितळी पट्टी आणि तिच्यासमोर एक खिळा. खण बंद असला की त्याची मागची फळी पट्टीला खिळ्यापासून दूर रेटून धरते. खण पुढे ओढला की पट्टी सुटते, खिळ्याला टेकते, वीज वाहते. माणसाला काही दाबावे लागत नाही, फिरवावे लागत नाही. पट्ट्या मी एका मोडक्या घड्याळाच्या पत्र्यातून कापल्या.

मिस्त्रीने विरोध केला. शेठसमोर म्हणाला, "हाऊ खनमा वीज भरी ऱ्हायना. ठिणगी उडनी तं?"

प्रश्न रास्त होता आणि मी त्याची तयारी करून ठेवली होती. अंगणात, पाण्याच्या बादलीशेजारी, एका सुट्या खणाला पट्टी बसवली. पट्टी खिळ्याला टेकते त्या जागेभोवती रुईचा पुंजका गुंडाळला आणि शेठला खण हवा तितक्या वेळा उघडा म्हटले. शेठने मन भरेपर्यंत उघडझाक केली. मग पुंजका हातात घेऊन उजेडात पाहिला, नाकाला लावला. पांढराच होता. इतक्या थोड्या विजेने रुई पेटत नाही. शेठने होकार दिला. दिवे पुढच्या दसऱ्याआधी बसवून झाले.

मला एक गोष्ट आधीच कळत होती. दिव्याने इतरांना दिसेल, मिस्त्रीला नाही. त्याच्या डोळ्यांना तो दिवा म्हणजे एक पिवळा डाग. पण केवळ एवढ्याने काही होणार नव्हते. तो पूर्वीसारखाच बोटांनी शोधत राहिला असता. पुढे काय झाले ते माझ्याही अंदाजापेक्षा चांगले झाले.

पूजेनंतर त्याने नेहमीप्रमाणे दार लावून हत्यारे लावली. हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी तेलवाला, हा डोंगराच्या पायथ्याचा भिल्ल गृहस्थ, रोलरांना तेल घालणारा आणि दिवसभर काही ना काही बोलणारा, स्वतःच आत गेला आणि पक्कड घेऊन आला. दारात उभा राहून म्हणाला, "मिस्तरी, खन उघाडा का दिवाळी. आते तुमनं काय काम शे आठे?"

मिस्त्री म्हणाला, तुझी जीभ बंद करायला कुणीतरी लागेलच की.

मग सगळेच आत जाऊ लागले. इंजिनवाला, गाठी बांधणारे, कुणीही. दिवा दिसत होता, हत्यार दिसत होते, विचारायची गरज नव्हती. आणि घेतलेले हत्यार लोक हाताला येईल त्या खणात टाकू लागले. अंधाराच्या दिवसांत ठेवणारा हात एकच होता, म्हणून जागा पक्क्या होत्या. आता दहा हात ठेवत होते. मिस्त्रीच्या डोक्यातला नकाशा आठवड्यात विस्कटला. तो आत जाई आणि लवकर बाहेर येत नसे. एकदा हातोडीऐवजी छिन्नी घेऊन आला. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. तो म्हणाला, तुम्ही सगळे घाण करून ठेवता.

नवे पान्हे मात्र लोक बऱ्यापैकी क्रमाने ठेवत, कारण त्यांचा वेगळा खण होता. त्यांची अदलाबदल मी केली. रोज काम सुटण्याआधी दोन पान्ह्यांच्या जागा बदलून ठेवत असे. शेजारच्या मापांच्याच, म्हणजे बोटांना काही कळू नये. आकडा वाचता येणाऱ्याला त्याने काही अडत नव्हते.

मिस्त्रीनेही आपल्या परीने लढा दिला. त्याला दिवा कसा लागतो ते समजले होते. काम सुटताना तो खण बोटभर उघडे ठेवी. रात्रभर दिवे जळत आणि सकाळी सेल संपलेले. तो शेठला सांगे, बघा, हे खेळणे टिकायचे नाही. असे काही वेळा झाले तेव्हा शेठने मला बोलावले. मी म्हटले, खण उघडा राहिला तर तुम्हाला इथे बसल्या बसल्या कळेल असे करतो. खोलीपासून पेढीपर्यंत एक वायर ओढली आणि शेठच्या बैठकीजवळ, भिंतीवर, एक तांबडा दिवा बसवला. कुठलाही खण उघडला की तो लागे, सगळे बंद झाले की विझे.

शेठला ते फार आवडले. तो गिऱ्हाइकाशी भाव करताना मध्येच भिंतीकडे पाही आणि म्हणे, हा बघा, माझा माणूस पान्हा काढतोय. दिवा लगेच विझला की खूश होई. वेळ लागला की कुरकुर करी. संध्याकाळी पेढी बंद करण्याआधी तो स्वतः तांबड्या दिव्याकडे पाहून घेऊ लागला, त्यामुळे मिस्त्रीची खण उघडे ठेवण्याची युक्ती संपली.

यानंतर मला खणांत जळक्या काड्या सापडू लागल्या. नव्या पान्ह्यांच्याच खणात, फळीच्या कडेला ढकललेल्या. मी त्या उचलून खिशात घातल्या आणि कुणाला सांगितले नाही. जळक्या काडीवर मालकाचे नाव नसते; वडिलांच्या वेळी ते सिद्ध झाले होते. मला काडी आणि हात एकाच वेळी हवे होते, आणि पाहणारा शेठ हवा होता.

ते एका दुपारी घडले. रोलरच्या बैठकीचा एक बोल्ट ढिला होऊन खडखड सुरू झाली आणि इंजिनवाल्याने इंजिन थांबवले. त्याने नव्यातला एक पान्हा मागितला. तेलवाला आत जायला वळला, तर मिस्त्रीने त्याला हाताने मागे सारले आणि स्वतः गेला. दार ओढून घेतले. त्या दिवसांत तो दाखवायला निघाला होता की अजूनही सगळे त्याच्यावाचून अडते.

मी पेढीवर फाटकाच्या दिव्याची वायर तपासत होतो. तांबडा दिवा लागला. शेठने मान वर केली. इंजिनाचा आवाज थांबला होता आणि बाहेर बायका टोपल्या खाली ठेवून बसल्या होत्या. दिवा विझेना. शेठने समोरच्या व्यापाऱ्याशी दोन वाक्ये बोलून पुन्हा पाहिले. विझेना. त्याने मला विचारले, तुझा दिवा अडकला की काय. मी म्हटले, दिवा ठीक आहे, खणच उघडा असेल. तो उठला आणि चालू लागला. मला ये म्हणाला नाही, पण मी मागे गेलो.

शेठने दार उघडले. खण पूर्ण ओढलेला होता, वरचा दिवा नीट लागलेला, पान्ह्यांवर पिवळा उजेड पडलेला. त्या उजेडात मिस्त्री काडी पेटवून बसला होता. डाव्या हातातला पान्हा डोळ्याला जवळजवळ टेकलेला होता.

शेठने वाकून ज्योत बोटांच्या चिमटीत धरून विझवली. मग त्याने जमिनीकडे, मग कपाटाच्या मागे साठलेल्या तंतूकडे पाहिले. तो ओरडला नाही. म्हणाला, "खनमा दिवा लागेल शे, मिस्त्री. मंग काडी कसाले?"

मिस्त्री म्हणाला, दिवा बारीक आहे.

शेठने त्याच्या हातातला पान्हा काढून दिव्याखाली धरला, स्वतः वाचला, परत त्याच्या हातात दिला आणि आकडा विचारला. मिस्त्रीने पान्हा दूर धरला, जवळ धरला, अंगठा आकड्यावरून फिरवला आणि एक आकडा सांगितला. तो इंजिनवाल्याने मागितलेला आकडा होता. पान्ह्यावरचा नव्हता.

एव्हाना इंजिनवाला आणि तेलवाला दारात येऊन उभे होते. मला हवी होती तितकी माणसे जमली होती. मी विचारले, "मन्हा बापले काढं, त्या रोजनी काडी कोनी व्हती?"

शेठने तोच प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण दारातून हललाही नाही. मिस्त्रीने पान्हा खणात ठेवला, चुकीच्या जागी.

"मन्हीच व्हती," तो म्हणाला. "तुन्हा बापनी देखी लिधं व्हतं. मंग त्याले आठे कसा राहू देऊ मी?"

यात पश्चात्ताप नव्हता. त्याला तो हिशेब सरळ वाटत होता, आणि मलाही माझा.

शेठने त्याला घरी जायला सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, बापाला घेऊन ये, हत्यारांची खोली आता त्याच्याकडे. मी म्हटले, आधी नंदुरबारला आणि तळोद्याला निरोप जायला हवा. जिथे जिथे ती काडी माझ्या वडिलांची म्हणून पोचली, तिथे ती कुणाची होती ते पोचले पाहिजे. शेठला हे आवडले नाही. त्यात त्याची स्वतःची चूकही सांगावी लागणार होती. पण तंतूच्या ढिगाशेजारची ज्योत त्याने नुकतीच बोटांनी विझवली होती. गाठी घेऊन नंदुरबारला निघालेल्या मुकादमाला त्याने माझ्यासमोर बोलावून सगळे सांगितले, मिस्त्रीचे नाव घेऊन. तळोद्याच्या गाडीवाल्यालाही सांगितले. मी दोघे फाटकाबाहेर पडेपर्यंत उभा राहिलो. मगच सायकल काढली.

वडील कळसाडीच्या शिवारात एका चरकाच्या दात्यांना वंगण लावत होते. मी सांगत असताना त्यांचा हात थांबला नाही. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "त्यानी सोताना तोंडे सांगं?"

मी हो म्हटले. शेठसमोर, दोन माणसांसमोर.

त्यांनी चरकाचे काम पुरे केले, राखेने हात घासले, गुऱ्हाळवाल्याला रामराम केला. वाटेत म्हणाले की ते जीनमध्ये येतील, पण खोली तशीच ताब्यात घेणार नाहीत. मिस्त्रीने स्वतः येऊन खणन् खण त्यांच्या हवाली करायचा, लोकांसमोर. हवाला देण्याची ही पद्धत प्रत्येक जीनमध्ये होती, त्यामुळे शेठला नाही म्हणता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीची बायको आमच्या घरी आली. आईने तिला पाट दिला, पाणी दिले. ती म्हणाली की डोळे गेले हे ती दोन वर्षांपासून जाणत होती. आता त्याला दुसरीकडे कुठे काम मिळेल? फाटकावर तरी बसवावे, ताटातल्या काडेपेट्या राखायला. तुमच्या धन्यांनी शब्द टाकला तर शेठ ऐकेल. आणि हवाला देण्याचे तेवढे राहू द्यावे.

आई चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "बाई, मन्हा चुल्हाले इतला दिन कोनी इस्तो दिधा नही. तूबी दिधा नही." मिस्त्रीचे घर आमच्याच गल्लीच्या टोकाला होते. बाईने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ती गेली. आईने वडिलांना तिचे येणे सांगितले, पण तिचे मागणे सांगितले नाही.

हवाला दुपारच्या सुट्टीत झाला. जेवण आटोपून लोक दाराशी जमले. काही बाया टोपल्या डोक्यावर तशाच ठेवून मागे उभ्या होत्या. शेठ खुर्ची टाकून बसला. मिस्त्री धुतलेला सदरा घालून आला होता. रीतीप्रमाणे देणाऱ्याने हत्यार उचलायचे, नाव आणि माप सांगायचे आणि घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. पहिला खण उघडला, दिवा लागला.

वरच्या खणांत तो बोटांवर निभावून गेला. खाली आला तसा चुकू लागला. वडील चूक दुरुस्त करत नव्हते. चुकीचे माप सांगून दिलेले हत्यार ते काही न बोलता एका वेगळ्या गोणपाटावर ठेवत. ढीग वाढत होता आणि तो सगळ्यांना दिसत होता, मिस्त्री सोडून. त्याला लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज फक्त ऐकू येत होता, आणि तो कुठल्या बाजूला पडतो आहे ते त्याला लवकरच कळले. त्यानंतर तो प्रत्येक वेळी बोलून थांबे आणि आवाजाची वाट पाही. तेलवाला सुरुवातीला हसला होता. नंतर तो हसला नाही. मी दिव्यांकडे लक्ष ठेवून होतो. एकही दिवा चुकला नाही.

नव्या पान्ह्यांच्या खणातला एकही पान्हा त्याने बरोबर सांगितला नाही.

सगळे संपल्यावर त्याने वडिलांकडे पहिल्यांदा काही मागितले. तिथे एक हातोडी त्याची स्वतःची होती. त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाने दिलेली, दांड्यावर तापल्या सळईने उस्तादाची खूण उठवलेली. हातोड्यांच्या खणात इतर हातोड्यांबरोबर ती पडली होती. जीनच्या मालाशी तिचा संबंध नव्हता, हे सगळ्यांना माहीत होते. शेठ म्हणाला, घेऊन जाऊ दे.

मिस्त्रीने हात पुढे केला. वडिलांनी आपला हात खणावर आडवा धरला.

"हात लावानं नही," ते म्हणाले. "दिवा लागेल शे. दखीसन सांग कोनती, आनि ले."

मिस्त्री खणाशी उभा राहिला. दिव्याचा उजेड त्याच्या छातीवर पडत होता. त्याने मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. मागे कुणीतरी शेठला हळू आवाजात काहीतरी म्हणाले. शेठ खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. वडील हात तसाच धरून थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने मिस्त्रीने एका हातोडीकडे बोट दाखवले. वडिलांनी ती उचलून त्याच्या हातात दिली. त्याने दांड्यावर अंगठा फिरवला. खूण नव्हती. त्याने ती परत खणात ठेवली, लोकांतून वाट काढत अंगणात गेला आणि फाटकाबाहेर पडला. फाटकवाल्याने त्याची झडती घेतली नाही.

तो पुढे नवापूरकडे मुलीच्या गावी गेला असे ऐकले. मी त्या वेळी दारात उभा राहून त्याची पाठ पाहत होतो आणि मला ते पुरेसे वाटले नव्हते. वडिलांनी खण लोटला, दिवा विझला, आणि त्यांनी इंजिनवाल्याला पट्टा चढवायला सांगितले.

दांड्यावर खूण असलेली ती हातोडी जीनमध्ये बरीच वर्षे वापरात होती.